पातेलं एक, जुड्या दोन, वार बुधवार

आंदर मावळातली कोंबडी दिवसभर पाल्यातच असते. टाकवे बुद्रुकपासून वर खांडीपर्यंत कुठल्याही अंगणात बघा. शेवग्याखाली उकरत असते, माठाच्या वाफ्यात शिरून शिव्या खात असते, पावसाळ्यात बांधावरच्या कोवळ्या कुर्डूवर चोच मारत असते. चुलीवर चढली की मात्र पाल्याशी तिचा काडीमोड. कोंबडी म्हणजे काळं वाटण, तांबडी तर्री, भाकरी. पालेभाजी म्हणजे लसणाची फोडणी, वेगळी कढई आणि बहुतेक वेळा वेगळा वारसुद्धा. एका अंगणात राहून ही दोघं पातेल्यात भेटत नाहीत, ही आमची तक्रार आहे. जनरल शिफ्ट सुटून कान्हे फाट्यावरून घरी पोचायला ज्यांना सात वाजतात, जेवण पाऊण तासात ताटात हवं असतं, भांडी कमी घासायची असतात आणि पोरांच्या पोटात चार पानं गेलेली बघायची असतात, त्यांच्यासाठी ही जुळवाजुळव. कांदा परतेपर्यंत वाचायला थोडी चटपटीत माहितीही.

रानकोंबड्याची देणगी

जगभरातल्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. डार्विनचंही हेच मत होतं. पण २००८ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यात एक पाचर मारली. अनेक पाळीव कोंबड्यांची कातडी आणि तंगड्या पिवळ्या असतात. त्या पिवळेपणाचं जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेलं नाही. ते आलं राखी रानकोंबड्याकडून. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जंगलात भल्या पहाटे अडखळल्यासारखा आरवतो, त्याच्या घराण्याकडून.

खरी गंमत पुढे आहे. हा पिवळा रंग कोंबडी स्वतः तयार करत नाही, खाते. हिरव्या पाल्यात आणि मक्यात कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात. एरवी कातडीतलं एक एन्झाइम ती मोडून टाकतं. राखी रानकोंबड्याच्या या देणगीमुळे ते एन्झाइम कातडीत गप्प बसतं आणि रंग साठत जातो. तेव्हा पिवळ्या कातडीच्या कोंबडीत पाला आधीपासूनच मुरलेला असतो. आपण दुकानात “मामा, अर्धा किलो द्या, स्किनआउट, करी कट” म्हणतो आणि तो तिथेच सोडून येतो.

या रानकोंबड्याच्या मानेची ठिपकेदार पिसं एकेकाळी इंग्लंडात जात. तिथले साहेब ट्राउट-सामन पकडायला गळाला लावायच्या खोट्या माश्या त्यांपासून बनवत. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी आहे. तो रानातच बरा. आपण दुकानातल्याकडे वळू.

चाळीस दिवसांचा पाहुणा

मावळात भातखाचरांच्या कडेला लांबच लांब पत्र्याच्या शेड दिसतात, त्यातल्या पुष्कळशा ब्रॉयलरच्या. पिल्लू आणि खाद्य कंपनीचं, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची, असा बऱ्याच ठिकाणी करार असतो. पिल्लू आल्यापासून साधारण सहा आठवड्यांत गाडी भरते.

इतक्या लवकर कसं? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ मध्ये एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. १९५७ सालची जपून ठेवलेली कोंबड्यांची जात आणि २००५ सालची व्यापारी जात त्यांनी एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवली. ५६ व्या दिवशी जुनी भरली ९०५ ग्रॅम, नवी ४ किलो २०० ग्रॅम. खाद्य तेच, म्हणजे हा पराक्रम निवडपैदाशीचा. कोंबडीला इंजेक्शन देऊन फुगवतात ही चावडीवरची थिअरी त्यामुळे निवृत्त व्हायला हरकत नाही. ती होणार नाही, हा भाग वेगळा.

या धंद्याला २०२० साल लक्षात राहील. आधी चिकनमुळे कोरोना होतो अशी आवई उठली आणि पक्षी मातीमोलाने, कुठे कुठे तर फुकट गेले. मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि मावळातल्या शेडांचे पत्रे उडाले.

स्वयंपाकघराच्या दृष्टीने मुद्दा एवढाच: ब्रॉयलर तरुणपणीच येतो, त्याचं मांस कोवळं, दोन शिट्ट्यांत तयार. गावरान कोंबडी वर्ष-दीड वर्ष अंगण तुडवलेली. तिच्या स्नायूंतले चिवट धागे विरघळायला वेळच लागतो, पाच-सहा शिट्ट्या आणि वर धीर. म्हणून गावरान रविवारची. कामाच्या दिवशी तिच्या नादी लागू नये.

कामाचे वार खरे किती?

इंग्रजी मासिकांत सोमवार ते शुक्रवार अशी पाच रात्रींची पाककृती असते. आपल्याकडे हिशेब निराळा. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा किंवा देवीचा, गुरुवार दत्ताचा नाहीतर स्वामींचा, शनिवार मारुतीचा. रविवारी सुट्टी, पाहुणे आणि साग्रसंगीत रस्सा. कामाच्या दिवशीचं चिकन म्हणजे बुधवार आणि शुक्रवार, एवढंच. त्यात संकष्टी बुधवारी आली, एकादशी शुक्रवारी आली, तर तेही गेलं.

मावळात यात आणखी एक पदर. तालुक्याच्या एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला कार्ल्याची एकवीरा. एकीकडे तुळशीची माळ, दुसरीकडे कोंबड्याचा नवस. ही दोन टोकं पुष्कळदा एकाच घरात नांदतात. आजी माळकरी, नातू बॉडी बनवणारा. अशा घरी चिकनचं भांडं वेगळं, पळी वेगळी, कधी कधी चूलही अंगणात. म्हणजे ज्या पदार्थाचं सगळं कौतुक ‘एकच भांडं’ म्हणून, तो इथे करायला भांडी दोन लागतात! यावर तोडगा आहे. पाला सगळा एकदम निवडायचा, धुवायचा, चिरायचा. अर्धा आजीच्या मुगाच्या डाळीत, अर्धा चिकनमध्ये. निवडायचं काम एक, जेवणं दोन. आजी निवडायला बसली तर जुडी निम्म्या वेळात होते, शिवाय देठ कुठवर घ्यायचं हे तिला नीट कळतं.

आखाडाची खिडकी

निसर्गाने या जोडीची आणखी एक थट्टा केली आहे. मावळात रानभाज्यांचा खरा बहर मृगाच्या पावसानंतर. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली. ठाकर आणि कातकरी बाया पहाटे रानात जाऊन त्या खुडतात आणि कामशेत, तळेगाव, लोणावळ्याच्या बाजारात गोणपाटावर वाटे मांडून बसतात. भाज्या जोरात येतात न येतात तोच श्रावण लागतो आणि चिकनचं दुकान ओस पडतं. २०२३ मध्ये तर अधिक श्रावण आला, म्हणजे पाळणाऱ्यांचे सलग दोन महिने गेले. तेव्हा मिरगाचा पहिला पाऊस ते आषाढी अमावास्या, एवढीच खिडकी. गटारीच्या गदारोळात लोक मटणाच्या रांगेत उभे असताना शेजारी टाकळ्याचा वाटा तसाच पडून राहतो. तो उचला.

टाकळ्याची पानं रात्री मिटतात. संध्याकाळी बाजारात तो झोपाळू दिसला तर शिळा समजू नका, मात्र देठ मोडून बघा. त्याच्या बिया भाजून कॉफीसारख्या उकळून प्यायची रीतही आहे.

कुर्डू आणि बागेतलं लाल मखमली तुऱ्याचं कोंबड्याचं फूल या दोन वेगळ्या वनस्पती वाटतात, पण वनस्पतिशास्त्राच्या लेखी ती एकच जात. तुरा माणसाने निवडून निवडून वाढवला. कुर्डूचं घराणं तर चांगलंच मोठं आहे. माठ, राजगिरा, तांदुळजा, पालक, चाकवत, शिवाय बीट, हे सगळे त्याच कुळातले. त्यामुळे एक नसेल तर दुसरं घालायला हरकत नाही, आब तोच राहतो.

सगळ्याच रानभाज्या मात्र या पातेल्यात घालायच्या नाहीत. भारंगी कडू, ती आधी उकळून पाणी टाकावं लागतं. शेवळं आणि रानअळू यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चिंच-काकडासारखं आंबट नीट पडलं नाही तर घसा अख्खी रात्र खाजतो. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. आणि जी भाजी विकणारी मावशी स्वतः खात नाही ती घेऊ नये, हा नियम रानात पदव्यांपेक्षा उपयोगी.

पाऊस सरला की भात निघतो, उरलेल्या ओलीवर हरभरा, मसूर, पावटा येतो. हरभऱ्याचा कोवळा पाला आंबूस असतो, चिकनसोबत फक्कड जमतो. मग मेथी, चाकवत, शेपू. शेपू चिकनमध्ये घालावा का, यावर घरोघरी दोन पक्ष आहेत. आम्ही ‘चिमूटभरच’ या पक्षाचे. उन्हाळ्यात माठ-राजगिरा. आणि बारा महिने दारातला शेवगा, ज्याच्या शेंगांपायी त्याच्या पाल्याकडे कुणी बघत नाही.

घाटाखाली हे कधीच जमलंय

आंदर मावळातल्या कुसूर गावाहून जुना घाट उतरतो तो कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीकडे. वर कोंबडी-पाल्याची गाठ पडली नाही, पण घाट उतरलं की रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत शेतात पोपटी लागते. एका भांड्यातलं जेवण म्हणावं तर हे.

मातीचं मडकं घ्यायचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा. त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, आणि मसाला चोळून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. परत शेंगा. मग मडक्याच्या तोंडाशी पुन्हा भांबुर्डा कोंबायचा, मडकं जमिनीवर उपडं करायचं आणि भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचून जाळ करायचा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. शेंगांतली आणि पाल्यातली ओल वाफ होते आणि तिच्यावर सगळं शिजतं. झालं की नाही हे बघायला झाकण उघडायची सोय नाही. तापल्या मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा, चर्र झालं की उतरवायचं. 

भांबुर्डा खायचा नाही. त्याने वास द्यायचा आणि आच अडवायची. पण तत्त्व लक्षात ठेवण्यासारखं आहे: पाला हेच पाणी. पालकाच्या पानात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणून तर भलीमोठी जुडी परतली की वाटीभर उरते आणि सुनेला वाटतं आपलंच चुकलं.

शेवगा, कोंबडी आणि फिलिपिन्सचा कादंबरीकार

आपण शेंगांच्या आमटीत रमलो, तिकडे फिलिपिन्समध्ये शेवग्याच्या पाल्याने राष्ट्रीय दर्जाचा पदार्थ घडवला. त्याचं नाव टिनोला. कोंबडी, भरपूर आलं, कच्ची पपई, पाणी, आणि उतरवण्याआधी मूठ-दोन मुठी शेवग्याचा पाला. बाळंतिणीला देतात, तापकऱ्याला देतात, पाऊस पडला म्हणूनही करतात.

होसे रिझालच्या १८८७ मध्ये छापलेल्या ‘नोली मे तांगेरे’ या कादंबरीत टिनोलाचा एक प्रसंग आहे. मेजवानीत मिजासखोर स्पॅनिश पाद्री दामासो याच्या ताटात नेमका येतो कोंबडीच्या मानेचा तुकडा आणि चिवट पंख, तर इतरांच्या वाट्याला चांगलं मांस आणि तरुण नायकाला काळीज-पेटी. पाद्री रागाने धुमसतो. वाढप्याच्या पळीत केवढं राजकारण असतं हे ज्याने नळी कुणाला मिळाली यावरून लग्नात रुसवा पाहिला आहे त्याला सांगायला नको. स्पॅनिश सत्तेने रिझालला ३० डिसेंबर १८९६ रोजी गोळ्या घातल्या. त्या कादंबरीमुळे ते आधीच त्याच्यावर खार खाऊन होते.

इजिप्तमध्ये मुलुखिया चालते. ज्यूटच्या झाडाची कोवळी पानं बारीक चिरून कोंबडीच्या पाण्यात शिजवायची, बुळबुळीत होतात, वरून लसूण-धण्याची फोडणी. फातिमी खलिफा अल-हाकिम याने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला या भाजीवर चक्क बंदी घातली होती. भाजीवर बंदी घालणाऱ्या राजाचं काय होतं? लोक अजून मुलुखिया खातात.

एवढं लांबही जायला नको. नांदेडची हद्द ओलांडून तेलंगणात गेलं की अंबाडी मटणात आणि चिकनमध्ये पडते. तिकडची गोंगुरा ती हीच. हद्दीच्या अलीकडे आपण ज्वारीच्या कण्या घालून तिची भाजी करतो आणि कोंबडीला दारातच ठेवतो. पारशांच्या घरी भाजी-गोश्त आहे, पंजाब्यांच्या घरी साग-मुर्ग. आपल्याकडे गोव्यात काफ्रियालचं हिरवं वाटण आहे, पण ती मसाल्याची कोथिंबीर, पाला नव्हे.

हिरवं हिरवंच का राहत नाही

पालेभाजी झाकण ठेवून शिजवली की शेवाळी होते. कारण असं: हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की तो निसटतो आणि हिरवा रंग मळकट पिवळा-तपकिरी होतो. पानातच थोडी आम्लं असतात, वाफेबरोबर उडून जाऊ पाहतात, झाकण त्यांना परत पातेल्यात पाडतं. म्हणून पाला शेवटी, उघड्यावर, चार-पाच मिनिटं. आणि लिंबू गॅस बंद केल्यावर. खायचा सोडा घातला की रंग राहतो हे खरं, पण जीवनसत्त्वं मरतात आणि पाल्याचा गाळ होतो. हॉटेलातला फारच हिरवागार पालक बघून हरखून जाऊ नये.

शिजवताना क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतात. ते पाणी ओतून दिलं की गेलं. एका भांड्याच्या जेवणात ते पाणीच रस्सा असतं.

आता लोहाचं. पाल्यात लोह असतं, पण आपलं शरीर ते फार हात आखडून घेतं. त्याच घासाबरोबर मांस असेल तर पाल्यातलं लोहही जास्त शोषलं जातं. लिंबातलं क जीवनसत्त्व तेच काम करतं. चहा उलटं करतो, त्यातली टॅनिन लोहाला अडवतात, म्हणून जेवल्याबरोबर कप नको. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत निघालं. तंगडी घरातल्या पुरुषाला आणि उरलेला रस्सा तिला, ही जुनी वाटणी इथे थोडी अवघड होते. सगळं एकात कालवलेलं असतं, तुकडे भातात दडलेले असतात. मुद्दाम उकरून काढणारे काढतातच म्हणा.

पालक खाऊन दंड फुगवणारा पॉपाय १९२९ साली कार्टूनपट्टीत आला. पालकातल्या लोहाचा आकडा दशांशचिन्ह चुकल्याने दहापट छापला गेला आणि त्यातून पॉपाय जन्मला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २०१० मध्ये ब्रिटिश अभ्यासक माइक सटन यांनी ती खणून काढली. पुराव्याचा पत्ता नाही! दंतकथा खोडणारी गोष्टच दंतकथा निघाली. खुद्द पॉपायने १९३२ च्या पट्टीत पालकाचं श्रेय लोहाला नव्हे, अ जीवनसत्त्वाला दिलं होतं. आणि तेही काही पूर्ण खोटं नाही, फक्त ते अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं.

शिट्टीच्या आधी

कुकरचा आजोबा १६७९ सालचा. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने लंडनच्या रॉयल सोसायटीला आपलं घट्ट झाकणाचं लोखंडी भांडं दाखवलं. १६८२ मध्ये सोसायटीच्या सभासदांनी त्यात शिजवलेलं जेवण जेवलं. हाडं चीजसारखी मऊ झाली होती, असं त्या पंगतीत बसलेला जॉन एव्हलिन रोजनिशीत लिहून गेला. स्फोट होऊ नये म्हणून पापँने झडपही बसवली. आपली शिट्टी तिचीच नात.

मधल्या काळात कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर काढला. डब्यावर डबा, खाली निखारे. लावून कामाला जायचं, आल्यावर वरण-भात-रस्सा तयार. घरात एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना तो देवच वाटला असणार.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास. तिथे उघड्या पातेल्यात पाणी १०० नव्हे, साधारण ९८ अंशांना उकळतं. फरक किरकोळ, पण डाळ-हरभऱ्याला जाणवतो. कुकरच्या आत १२० अंशांच्या आसपास जातं. म्हणून कामाच्या दिवशी कुकर. चुलीवरच्या पातेल्याचं कौतुक रविवारी करू.

आणि शेगडी विजेची असेल तर ती वीज? आंद्रा नदीवर ठोकळवाडीचं धरण आहे. टाटांच्या कंपनीने तिथलं पाणी डोंगरातून बोगद्याने नेऊन सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीत सोडलं आणि १९२२ मध्ये मुंबईला वीज दिली. कंपनीचं नाव होतं ‘आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय’. ते वाचून अनेकांना हैदराबाद आठवतं, पण ही आपली आंद्रा. मुंबईत कुणी इंडक्शनवर पालक-चिकन करत असेल तर त्यात या खोऱ्याचा थोडा हात असू शकतो.

आता करा

चार माणसांसाठी. चिकन अर्धा किलो. इंद्रायणी तांदूळ दीड वाटी. हा तांदूळ वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राचं लेकरू, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेलं, १९८७ सालचं. आईकडून वास घेतला, बापाकडून उत्पन्न. शिजल्यावर चिकटतो म्हणून बिर्याणीवाले नाक मुरडतात. इथे आपल्याला तो चिकटपणाच हवा आहे, कारण तोच पाला आणि मांस एकत्र धरून ठेवतो.

तांदूळ धुऊन निथळत ठेवा. पाच लिटरच्या कुकरमध्ये दोन मोठे चमचे तेल, त्यात दोन कांदे. आलं, आठ-दहा लसूणपाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या ठेचून घाला. कांदा गुलाबी झाला की चिकन, हळद, मीठ, घरचा काळा मसाला दोन चमचे. झाकण न लावता सहा-सात मिनिटं परता, तुकडे अंगचं पाणी सोडतील. चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नये, जंतूंचे शिंतोडे ओटाभर उडतात, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. आपल्याकडे न धुता घातलं तर सासूबाई जेवणार नाहीत. तेव्हा पातेल्यात पाणी घेऊन, हलक्या हाताने. मग ओटा साबणाने.

तांदूळ घालून दोन मिनिटं हलवा. तीन वाट्या कढत पाणी. तळ खरवडून घ्या, इंद्रायणी तळ धरतो. झाकण, दोन शिट्ट्या, मग आच बारीक करून चार मिनिटं, बंद. वाफ आपोआप जिरू द्या. तेवढ्यात पाला: दोन जुड्या, पालक-माठ-चाकवत काहीही, मेथी असेल तर एकच. तीन-चार पाण्यांतून काढा, पावसाळ्यात पाच. जाडसर चिरा.

कुकर उघडला की भात जरा जास्तच सैल वाटेल. घाबरू नका. पाला वर पसरा, बारीक आच, झाकण नाही, उलथन्याने खालून वर दोनदा फिरवा, चार-पाच मिनिटं. बंद करून एक लिंबू पिळा. शेवग्याचा पाला असेल तर जुड्यांच्या जागी चार मुठी, देठं काटेकोर काढून. त्याची देठं दातांत अडकतात आणि पोरं एवढ्यावरून संप करतात.

सोबत भाजलेला पापड, कच्चा कांदा. भाकरीचा आग्रह धरणारा घरात एकतरी असतोच, त्याला सांगा रविवारी.

भात वगळूनही होतं. मग पाणी एकच वाटी, तांदळाऐवजी पाव वाटी मूगडाळ. ज्यांना साखर सांभाळायची आहे त्यांच्यासाठी हे बरं.

बेत फसला तर

मावळात रात्रीच्या जेवणाचा सगळ्यात मोठा बेत फसला तो जानेवारी १७७९ मध्ये. पुण्यावर चालून आलेली इंग्रज फौज बोरघाट चढून तळेगावापर्यंत पोचली. मराठ्यांनी पुढचं चारा-धान्य जाळून टाकलं, गाव रिकामं केलं. खायला काही मिळेना तेव्हा साहेबांनी माघार घेतली आणि वडगावला घेरले गेले. तह तिथेच झाला. तुमचं फारतर मीठ जास्त पडेल. एक उकडलेला बटाटा कुस्करून घाला.

उरलं तर

हा भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात वाढतात आणि पोट बिघडवतात. गार झाला की लगेच फ्रीज, दुसऱ्या दिवशी वाफाळेपर्यंत गरम.

पण इथे पुन्हा पंचाईत. बुधवारचं उरलं की गुरुवार उजाडतो, शुक्रवारचं उरलं की शनिवार. बॉडी बनवणारा नातू रात्री अकराला पातेलं पुसून खातो, म्हणून निभावतं. ज्यांच्या घरी असा कुणी नाही त्यांनी चिकन पावशेरावर आणावं, जुड्या मात्र दोनच ठेवाव्यात.